दाबाची चाचणी

छताला ओल आली की माणूस सगळ्यात आधी वरच्या मजल्यावरच्यांच्या नावाने बोटं मोडतो. त्यांचा दोष असो नसो, त्यांच्याशी आधीचंच काहीतरी बिनसलेलं असतं, आणि छतावरचा पिवळा डाग म्हणजे आयता हाती आलेला पुरावा. कान्या अशा माणसांना मनातल्या मनात हसायचा. उघड हसायची सोय नव्हती, कारण तीच त्याची गिऱ्हाइकं.

कान्या हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. भिंतीच्या आत किंवा फरशीच्या खाली पाणी नेमकं कुठे झिरपतंय हे तो नुसतं ऐकून सांगायचा, म्हणून त्याच्या भागीदाराने हे नाव ठेवलं. कान्याकडे एक लांब लोखंडी सळई होती आणि तिच्या एका टोकाला लाकडी वाटी बसवलेली होती. सळई नळावर टेकवायची, वाटीला उजवा कान लावायचा, डोळे मिटून उभं राहायचं आणि मग भिंतीवर बोट ठेवायचं. भागीदार बरोबर तिथे फोडायचा आणि दुरुस्ती करायचा. या भागीदाराच्या खिशात सदानकदा एक पाना असायचा, म्हणून कान्यानेही परतफेड करून त्याला पान्या करून टाकलं. कान्या आणि पान्या. अर्ध्या शहराच्या भिंती या जोडगोळीने फोडल्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्या फोडण्यापासून वाचवल्या होत्या.

कान्याला आपल्या कामाचा अभिमान होता आणि तो रास्त होता. त्याच्या हिशेबी जगातल्या प्रत्येक गोष्टीला तीन कप्पे होते: आहे, नाही, आणि अजून माहीत नाही. गिऱ्हाइकं तिसऱ्या कप्प्यावर वैतागायची. अहो, डाग समोर दिसतोय आणि माहीत नाही काय म्हणता? कान्या न चिडता समजावायचा की डाग दिसतो तिथेच गळती असेल असं नाही; पाणी उतार मिळेल तसं कुठूनही कुठेही जातं. म्हणून ते येऊ शकेल अशा सगळ्या वाटा आधी डोळ्यांपुढे आणायच्या आणि एकेक बंद करून बघायची. जी वाट अजून बंद करून बघितली नाही ती निर्दोष नाही, पण गुन्हेगारही नाही.

दोन वाटांत गोंधळ झाला की तो रंग वापरायचा. एका टाकीत लाल रंग सोडायचा, दुसरीत हिरवा, आणि छतातून कोणता टपकतो ते बघत बसायचं. आणि अगदीच अडलं तर दाबाची चाचणी. नळाची सगळी तोंडं बंद करायची, पंपाने आत दाब भरायचा आणि काट्यावर नजर ठेवायची. काटा उतरला की कुठेतरी गळतंय. पण जुना नळ असला की कान्या पंपावरचा हात आखडता घ्यायचा. जुन्या नळात दाब जरा जास्त झाला तर धडधाकट सांधासुद्धा सुटतो. मग काटा उतरतो, गळती सापडते, आणि ती तुम्हीच केलेली असते. अशी गळती शोधून ऐटीत मिरवणारे कारागीर त्याने पाहिले होते आणि त्यांच्याबद्दल तो जेवताना बायकोला तिखटमीठ लावून सांगायचा.

बायको ऐकायची, विचारायची, परत ऐकायची. ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची. तिचं काम म्हणजे दिवसभर विचारणं. भिंग बदलायचं आणि विचारायचं, आता कसं दिसतंय? आता? आधीचं बरं होतं का हे? समोरचा सांगेल ते खरं धरायचं आणि पुढचं भिंग लावायचं. कान्याला हे काम फार सोपं वाटायचं. विचारून कळलं असतं तर भिंतींना कान कशाला लावावा लागला असता, असं तो म्हणायचा आणि ती म्हणायची की भिंतींना तोंड नसतं म्हणून.

तर इतका विचारी माणूस. आणि आपल्याच घरी त्याने काय केलं ते ऐका.

थंडी सरत असताना त्याला कळून चुकलं की उजव्या कानात काहीतरी बिघडलंय. डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं आणि सांगितलं की हा कान हळूहळू जाणार. आधी बारीक आवाज जातील, मग बाकीचे. आता गळतीचा आवाज म्हणजे बारीकच. भिंतीआडची ती सूक्ष्म सीऽऽ ऐकण्यावरच कान्याचं नाव उभं होतं. तो घरी आला आणि त्याने फक्त बायकोला सांगितलं. तिने पन्नास प्रश्न विचारले. त्याने एकाचंच धड उत्तर दिलं: पान्याला कळता कामा नये. ज्याला ऐकू येत नाही असा कान्या भागीदारीत काय कामाचा? पान्या काढून टाकणार नाही हे त्याला माहीत होतं. पान्या कीव करेल, याची त्याला धास्ती होती. बायको म्हणाली, नाही सांगणार. विषय तिथेच संपला.

आणि पंधरवडाही गेला नसेल, पान्या त्याच्या डाव्या बाजूने चालायला लागला.

इतकी वर्षं पान्या उजवीकडे चालायचा. उगाच नव्हे, अवजारांची जड पिशवी त्याच्या उजव्या हातात असायची आणि ती मध्ये येऊ नये म्हणून. आता पिशवी मध्ये आदळत होती, दोघांच्या गुडघ्यांना लागत होती, पण पान्या डावीकडेच. शिवाय बोलताना तो समोर येऊन उभा राहायचा, पूर्वी पाठमोरा बोलायचा तो माणूस. एक दिवस तर तो एक यंत्र घेऊन आला. जमिनीवर ठेवायचं, पडद्यावर रेषा उमटते, आवाज असेल तिथे उंच जाते. म्हणाला, तुझ्या कानाला जरा विश्रांती. कान्या हसला आणि त्याने सळईच उचलली.

याला कळलंय.

आता बघा, कान्याच्या डोक्याने किती झटपट काम केलं. कानाचं तिघांनाच माहीत: डॉक्टर, बायको आणि मी. डॉक्टरांना पान्या कोण हे ठाऊक नाही. मी तर बोललो नाही. राहिली कोण? तिसरा कप्पा त्याने उघडूनसुद्धा पाहिला नाही. गिऱ्हाइकाने असं काही म्हटलं असतं तर कान्याने त्याला स्टुलावर बसवून शिकवणी घेतली असती.

पण खरं सांगायचं तर हा डाग पडायच्या आधीपासून त्याचं वरच्या मजल्याशी बिनसलेलं होतं. पान्याने लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की तो दर वेळी नवीन कारण सांगायचा आणि प्रत्येक कारणाला बायको पोट धरून हसायची. पान्या आठवड्यातून एकदा जेवायला यायचा. तो तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भाऊजी म्हणायची, सगळं कसं रीतसर. पण तो आला की ती ताट वाढता वाढता थांबायची, डोळे पुसायची, पुरे हो भाऊजी म्हणायची. कान्याच्या बोलण्याला ती मान डोलवायची. मान डोलवणं आणि डोळे पुसणं यात फरक आहे हे कळायला फार तीक्ष्ण कान लागत नाहीत. कान्याला हेवा वाटायचा. नुसता हेवा नाही, तो जळायचा, आणि जळतोय हे कळू नये म्हणून सगळ्यांच्या वर आवाज काढून हसायचा.

आता त्या जुन्या आगीला सरपण मिळालं. पान्याने नवा चष्मा केला, अर्थात तिच्याच दुकानातून. काडी सैल झाली म्हणून तो परत गेला. मग नाकावर रुततोय म्हणून गेला. इतका कसला नाजूक नाकाचा, कान्या मनात म्हणाला. घरी फोनवर ती कुणाशी तरी हसत होती. तो दारात आला तसा तिने फोन ठेवलाच. कोण होतं, विचारलं तर म्हणाली, काही नाही, दुकानातलं. आता 'काही नाही' याचा अर्थ काही नाही असाही होऊ शकतो. पण कान्याने ते दोन शब्द रात्रंदिवस तोंडात घोळवले आणि त्यातून हवा तो रस काढला.

त्यात कानाने घात केला. ती स्वयंपाकघरातून काही बोलली की त्याला अर्धंमुर्धं यायचं. परत सांग म्हणायला त्याची जीभ रेटायची नाही. तो हं म्हणायचा आणि राहिलेलं वाक्य मनानेच पुरं करायचा. मनाकडे त्या दिवसांत एकच रंग होता, त्यामुळे सगळी वाक्यं त्याच रंगाची निघायची. ती उशीर होईल म्हणाली की त्याला पुढे पान्याचं नाव ऐकू यायचं. ती काहीच बोलली नाही की ते जास्तच स्पष्ट ऐकू यायचं.

शेवटी त्याने ठरवलं की रंग सोडायचा.

यातही आपण किती न्यायाने वागतोय याचं त्याला कौतुक वाटत होतं. दोन वाटा, दोन रंग. हिरवा त्याने डॉक्टरांकडे सोडला: पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मला बसून करायचं काम मिळतंय, असं त्यांना तपासणीच्या वेळी सहज सांगून आला. डॉक्टर छान छान म्हणाले आणि त्यांनी त्याच्या कानात बत्ती घातली. लाल रंग त्याने बायकोसाठी राखला. एका संध्याकाळी जेवता जेवता तो म्हणाला की आपण हे काम सोडतोय. भागीदारी पान्याला देऊन टाकायची आणि थोरल्या भावाकडे जाऊन राहायचं. भावाची रोपवाटिका आहे, तिथे त्याला माणूस हवाय. दूर आहे खरं, पण झाडांना कान लावावा लागत नाही.

बायकोचा हात ताटातच थांबला. तिने विचारलं, कधी ठरलं? त्याने सांगितलं, मनात बरेच दिवस होतं. तिने विचारलं, आणि माझं दुकान? तो म्हणाला, बघू, तिकडेही लोकांना डोळे असतीलच. हा विनोद तिला आवडला नाही. भाऊजींना सांगितलंस का, असं तिने विचारलं तेव्हा कान्याने कान टवकारले. बघा, आलाच. तो म्हणाला की अजून नाही, आणि तूही कुणाला सांगू नकोस. ती बरं म्हणाली. पुढचे दोन दिवस ती घरात अशी वावरत होती की जणू सामान बांधायला कुठून सुरुवात करावी हे बघतेय. कपाटांना, खिडक्यांना हात लावून उभी राहायची. कान्याला हे दिसत होतं. पण काट्यावर नजर ठेवलेल्या माणसाला नळाकडे बघायला फुरसत नसते.

एका धोबीखान्याच्या तळघरात काम होतं. वर मोठाली यंत्रं घरघरत होती, खाली भिंत ओली. पान्याने यंत्र जमिनीवर ठेवलं, पडदा पुसला, आणि कान्याकडे न बघता म्हणाला,

"सोडून चाललायस म्हणे. भावाकडे."

लाल.

कान्याला आधी जे वाटलं ते सांगायला लाज वाटावी असं आहे. त्याला आनंद झाला. आपलं बोट बरोबर जागी पडल्याचा तो जुना, ओळखीचा आनंद. त्याच्या मागोमाग बाकीचं सगळं अंगावर कोसळलं. पान्या पुढे काहीतरी बोलत होता, पण वरच्या घरघरीत कान्याला ते ऐकू आलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. सळई तिथेच टाकून तो जिना चढला आणि तडक चष्म्याच्या दुकानात गेला.

नंबर तपासायची खोली म्हणजे एक अंधारं खुराडं होतं. समोरच्या भिंतीवर उजेडातली अक्षरं, वरची मोठी, खालची मुंगीएवढी. मध्ये एक उंच खुर्ची. बायको भिंगं पुसत होती. त्याला बघून तिने आधी विचारलं की डोळ्यांना काही झालं का. तो खुर्चीत बसला, कारण बसायला दुसरं काही नव्हतंच.

"पान्याला तू सांगितलंस," तो म्हणाला.

"हो. काल गेले होते मी त्यांच्याकडे."

नाही म्हणेल अशी त्याने तयारी केली होती. वाटेभर त्या नाहीला उत्तरं जुळवली होती. ती सगळी वाया गेली.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय किती दिवस?"

त्याने काय ते सांगितलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग, नंबर तपासायला आलेल्या म्हाताऱ्यांशी बोलते तशी, सावकाश आणि समोर येऊन बोलली. तिने दोन दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. पण तिला वाटलं की हा कानाच्या भीतीने पळ काढतोय. वीस वर्षांचं काम असं झाडांमध्ये पुरून टाकायला निघालाय आणि आपलं ऐकणार नाही. याला थांबवू शकेल असा एकच माणूस तिला आठवला. म्हणून ती गेली, त्यांना म्हणाली की याला सोडू नका.

"मला त्यांचं घरसुद्धा माहीत नव्हतं," ती म्हणाली. "विचारत विचारत गेले. नेहमी तेच आपल्याकडे येतात ना."

कान्या खुर्चीत सरळ बसला. त्याच्या तोंडून निघून गेलं, "अगं, पण ते खोटं होतं."

"कोणतं?"

"भावाकडे जायचं. मी कुठेही जात नाहीये."

तिचा चेहरा क्षणभर इतका मोकळा झाला की तो बघून कान्याही हसणार होता. दोन दिवसांचं ओझं तिने त्याच्यासमोर खाली ठेवलं. आणि मग, हातातलं भिंग तसंच धरून, तिच्या लक्षात आलं.

"मग मला का सांगितलंस?"

तो समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला लागला.

"का सांगितलंस मला?"

"बघायला," तो म्हणाला. "पान्याला माझ्या कानाचं कळलंय. कुठून बाहेर पडतंय ते बघायला."

वीस वर्षं जेवताना त्याच्या कामाच्या गोष्टी तिने ऐकल्या होत्या. तिला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही.

"लाल का हिरवा?" तिने विचारलं.

"लाल."

"आणि हिरवा कुणाला?"

"डॉक्टरांना."

तिला हसू येणार होतं बहुतेक, पण आलं नाही. तिने भिंग पेटीत ठेवलं, पेटी बंद केली. "तू बोललास ते मी कधी तपासून पाहिलं नाही," ती म्हणाली. "उशीर झाला म्हणालास तर उशीर झाला. दुखतंय म्हणालास तर दुखतंय. तपासायचं असतं हे मला माहीतच नव्हतं." मग तिने दार उघडलं. "कानाचं मी नाही सांगितलं. पण ते तू आता कशावरून धरणार? जा, त्यांना विचार. आणि बाहेर कोण बसलंय त्यांना आत पाठव."

कान्या परत धोबीखान्यात गेला. वाटेत त्याला खात्री वाटत होती की निदान कानाचं तरी तिनेच सांगितलं असणार. इतकी मोठी चूक आपण संपूर्ण करू शकत नाही, असं प्रत्येकालाच वाटतं. पान्या तळघरात एका उलट्या बादलीवर बसला होता. सळई त्याने पुसून भिंतीला टेकवून ठेवली होती.

"माझ्या कानाचं तुला कुणी सांगितलं?" कान्याने विचारलं.

पान्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "तुझ्या कानाचं मला कोण कशाला सांगेल? मी तुझ्या शेजारी उभा असतो."

मग त्याने सांगितलं. कान्याने डॉक्टरांचं दार बघायच्या कितीतरी आधी, एका दुधाच्या कारखान्यात, कान्याने बराच वेळ ऐकलं आणि भिंतीवर बोट ठेवलं. पान्याने तिथे फोडलं तर आत कोरडं ठाक. कान्या तेव्हा बाहेर मॅनेजरशी बोलत होता. पान्याने स्वतःच सळई लावून पाहिलं, हातभर अलीकडे फोडलं, गळती सापडली, आणि पहिलं भोक लिंपून टाकलं. कान्याला म्हणाला, बरोबर होतं. त्यानंतर आणखी दोन-तीनदा तसंच झालं. कधी जिन्याखाली, कधी कुणाच्या बाथरूममध्ये. पान्या अलीकडे-पलीकडे फोडायचा आणि बरोबर होतं म्हणायचा. डावीकडे चालायचं मात्र सुचायला उशीर झाला, त्याबद्दल तो स्वतःवरच नाराज होता.

सगळ्या वाटा मोजताना कान्याने एक वाट मोजलीच नव्हती. ती तो स्वतः होता. त्याच्या वळणाऱ्या मानेतून, त्याच्या अकारण हं मधून, चुकलेल्या बोटातून ते गुपित वर्षभर झिरपत होतं, त्याला स्वतःला कळायच्याही आधीपासून.

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. आणि वहिनींना तू सांगितलं नसणार असं मी धरून चाललो, म्हणून त्यांच्यापुढे तोंड उघडलं नाही." पान्या थांबला. "काल त्या आल्या, रडल्या. का सोडतोय विचारलं तर म्हणाल्या, माहीत नाही. कानाचा शब्द काढला नाही. मीही काढला नाही. दोघंही झाडांबद्दल बोलत बसलो."

म्हणजे घाबरून घराबाहेर पडल्यावरसुद्धा तिने तो शब्द पाळला होता. कान्या भिंतीला टेकला. भिंत ओली होती, पाठ गार पडली, तरी तो हलला नाही.

पान्या त्याच्याकडे बघत होता. गमत्या माणूस मूर्ख नसतो. "तू काय समजलास?" त्याने विचारलं. "वहिनी आणि मी?"

कान्या सळईकडे बघत राहिला आणि ते उत्तर पुरलं. कुठल्याही प्रसंगाला दोन विनोद जवळ बाळगणाऱ्या पान्याला या वेळी एकही सापडला नाही. त्याने बादली सुलटी केली, पाना खिशात घातला. निघताना फक्त म्हणाला की इथलं काम तो उद्या एकटा पुरं करेल, आणि या आठवड्यात जेवायला येणार नाही. या आठवड्यात असं म्हणाला, पण तो पुन्हा कधी येईल असं कान्याला त्या आवाजात कुठे ऐकू आलं नाही.

एकट्याने घरी चालताना त्याला पहिल्यांदा नीट दिसलं. पान्याकडे जायची वाट तिला माहीतच नव्हती. त्यानेच भीती भरून भरून तिला त्या वाटेला लावलं, आणि ती निघाली तशी हाच बोट दाखवायला पुढे. ज्या कारागिरांना तो वर्षानुवर्षं हसत आला होता त्यांनी निदान दुसऱ्यांचे नळ फोडले होते.

बायको भांडी घासत होती. नळ सोडलेला होता आणि तिची पाठ दाराकडे होती. कान्या दारातच उभा राहिला. त्याने सांगितलं की पान्याला स्वतःलाच कळलं होतं, तिने सांगितलं नव्हतं. ती हं म्हणाली. अगदी तो म्हणायचा तसा. मग तो म्हणाला की चुकलं माझं. मला तुझा आणि त्याचा हेवा वाटत होता, तुम्ही हसायचा त्याचा, आणि त्यापायी मी तुझ्याशी खोटं बोललो. हे सगळं बोलायला त्याला बराच वेळ लागला. तिने मध्ये तोडलं नाही. एक पातेलं विसळून उपडं घातलं.

मग ती काहीतरी म्हणाली.

ती उजवीकडे होती, नळ चालू होता, आणि शब्द मोजकेच होते. कान्यापर्यंत फक्त त्यांचा सूर आला. जुन्या सवयीने मन लगेच पुढे धावलं. जाऊ दे, असं म्हणाली असेल. किंवा जाते मी, असं. दोन्ही त्या सुरात बसत होतं. इतके महिने तो असाच हं म्हणून बाजूला झाला होता आणि उरलेलं स्वतःच बनवत आला होता. या वेळी त्याने हं म्हटलं नाही.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

तिने नळ बंद केला. "काही नाही."

तो तिच्या मागून वळसा घालून पलीकडे गेला, डावा कान तिच्याकडे येईल असा उभा राहिला. जे वाक्य त्याने डॉक्टरांसमोरही धड उच्चारलं नव्हतं ते त्याने उच्चारलं.

"परत सांग. मला ऐकू आलं नाही."

ती हात पुसत त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. अंधाऱ्या खोलीत कुणी खालची बारीक अक्षरं घडाघडा वाचून दाखवली की ती जशी बघायची, हा वाचतोय का पाठ करून आलाय, तशी.

"खरंच आलं नाही," तिने विचारलं, "का मी काय करते ते बघतोयस?"

खरंच आलं नव्हतं. पण ते तिने कशावरून धरायचं, हे त्याला काही केल्या सांगता येईना.